दिवसा कहानी नाई

"मॅडम, दिवसा कहानी नाई सांगत. मामा रस्ता भुलते."

हे सांगताना ती माझ्याकडे बघायची नाही. एका हाताने खिचडीच्या गंजात डाव फिरवत राहायची आणि दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढून घ्यायची. विषय संपला. मग समोर शाळेची मॅडम असो नाहीतर कलेक्टर.

आमची शाळा ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे स्वयंपाकाची शेड. पोरांची खिचडी ती शिजवायची. शाळेच्या कागदांवर तिला नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. गाव तिला बुढी म्हणायचं. आमच्या भागात त्यात अपमान नाही, घरातल्या आजीलाही लोक बुढीच म्हणतात. मी मावशी म्हणायचे. तिचा नवरा जन्मभर त्या तलावात मासे धरायचा. तो गेल्यावर त्याचा डोंगा, म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी, पाळीवर पालथा पडलेला असे, आणि पोरं त्यावर बसून बोरं खात.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते, पुढे गैरसमज नको. मी संशयी बाई आहे. दुधात बोट बुडवून बघते, भाजीवाल्याला आधी रिकामा काटा दाखवायला लावते. आमचे हे म्हणतात, "तू देवळात गेलीस तरी चपला हातात घेऊन दर्शन घेशील." घेते. एकदा गेल्या आहेत माझ्या.

तेव्हा बुढीवर माझी नजर असणारच. तेल इतक्यात कसं संपलं, डाळ पातळ का, उरलेली खिचडी कुठे गेली, सगळं मी बघून घेतलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय जात नाही, हे नोकरी केलेल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

त्यात एकदा वरून सूचना आली की गावातल्या जुन्या माणसांना शाळेत बोलवा, मुलांना गोष्टी सांगायला लावा. बुढी गोष्टी सांगते हे पोरांकडून ऐकलं होतं. मी तिला विचारलं आणि ते मामाचं उत्तर ऐकलं. मला वाटलं, नाही म्हणायची ही चांगली सोय आहे. मी म्हटलं, "मावशी, या वयात तुमचा कोणता मामा रस्त्यावर असणार?"

"मामा कोनाचाबी असते, मॅडम. कोनी ना कोनी रस्त्यावर असतेच."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती वाद घालतच नाहीत.

खरं सांगायचं तर परीकथांवर माझा आधीपासून राग आहे. त्यातलं मरण मला कधी पटलंच नाही. गोष्टीतलं मरण म्हणजे आमच्या खात्यातली बदलीची ऑर्डर, कुणी वरचा भेटला की रद्द होते. राजकन्या मरून पडते, कुठून तरी एक राजपुत्र येतो, आणि ती केस सावरत उठून बसते. राक्षसाचं पोट फाडलं की अख्खं गाव आतून हसत बाहेर येतं. आमच्या बाजूला वाघाने नेलेलं माणूस घरी कसं येतं ते मी पाहिलेलं आहे. चादरीत गुंडाळून. पुस्तकातली गोष्ट पोरांना वाचून दाखवताना राजकन्या उठली की मी पान पटकन उलटायचे.

एका हिवाळ्यात संध्याकाळी काळी-पिवळी जीप आलीच नाही. आमचे हे मोटरसायकलवर न्यायला येईपर्यंत मी बुढीच्या अंगणात बसले. दिवे लागायची वेळ होती. मोहल्ल्यातली पोरं गोळा झाली, आणि बुढीने शेकोटीत काटकी सारत विचारलं, "हुंकारी कोन देते?"

"मी," रोशनी म्हणाली. रोशनी माझ्याच वर्गातली, पहिलीची. बुढीच्या गुडघ्याला टेकून बसायची ती जागा तिची ठरलेली होती.

हुंकारी म्हणजे प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं. बुढीकडे नियम कडक होता. हूं आलं नाही तर गोष्ट तिथेच थांबायची. पोरगं झोपलं, विसरलं, उठून गेलं, तर राजा पाय उचललेला तसाच उभा राहायचा. रोशनी मात्र एकही हूं सोडत नव्हती. थोड्या वेळाने बुढी माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमी हुंकारी नाई देत."

"मी ऐकते आहे ना."

"आयकनं येगळं. आयकते तं कुत्रा बी."

पोरं खिदळली. मला राग आला, पण दुसऱ्याच्या अंगणात बसलेली होते.

त्या दिवशीची गोष्ट एका राणीची होती. राणी मरते. मेलं की माणूस तलावाच्या काठाला येऊन बसतं, मग एक ढिवर, म्हणजे मासे धरणारा कोळी, डोंगा घेऊन येतो आणि त्याला पलीकडे नेतो. पण काठावरून कुणी मागून आवाज दिला, तर डोंगा पाण्याच्या मधोमध थांबतो आणि गोल गोल फिरत राहतो. या काठाला येत नाही, त्या काठाला जात नाही. राजा रोज काठावर येऊन राणीला आवाज द्यायचा, आणि राणी रोज तिथेच फिरत राहायची. शेवटी ती डोंग्यातून ओरडली, "मले थंडी वाजून राह्यली, भूक लागली, आन् तुमी मले जाऊ नाई देत. आता तरी चूप बसा ना." मग राजा चूप बसला. नुसतं हूं म्हणाला. डोंगा चालू लागला.

मी वाट पाहत होते. आता राणी परत कशी येते, कोणता साधू भेटतो, कोणतं फूल हुंगायला देतात. बुढी उठून शेकोटीवर पाणी टाकायला लागली.

"मग राणी परत कधी येते?" मी विचारलं.

"येते कशी? मेली ना."

"मग त्या काठाला काय असतं? देव असतो का?"

"मले काय ठाऊक? मी गेली होती का?"

मला ते आवडलं नाही. मी परीकथांवर रागावते ते त्या खोट्या असतात म्हणून, आणि ही तर खोटंही बोलत नव्हती. स्वर्ग नाही, नरक नाही, परतही येणं नाही, आणि पोरं मजेत घरी जेवायला गेली. यात काहीतरी घोळ आहे, लहान पोरांना ही मरणाची सवय लावते आहे, असं मी घरी जाताना मोटरसायकलवर ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "खिचडी बरी करते ना?"

पुढच्याच चैत्रात रोशनीची आई पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला धरलं. बाई अहेरीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. त्या सकाळी लोकांनी रोशनीला उचललं आणि ब्रह्मपुरीला आत्याकडे नेऊन ठेवलं. सगळं आटोपल्यावरच तिला परत आणलं. पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि शाळा उघडली तेव्हा रोशनी दुसरीत आली, वेणी घातलेली, दप्तर भरलेलं. मला तिचं नवल वाटलं. इतकी शहाणी कशी, म्हणून थोडा संशयही आला.

मग विचित्र प्रकार सुरू झाले. मी वर्गात गोष्टीचं पुस्तक उघडलं की रोशनी दोन्ही कान बंद करायची. "मॅडम, दिवसा नोका ना सांगू." मी दटावलं तर बाहेर जाऊन ओट्यावर उभी राहायची, आणि नजर रस्त्यावर, जिथे बस थांबते तिथे. बाकीची पोरं तिच्याकडे बघून एकदम गप्प व्हायची. आमची पोरं गप्प होणारी नव्हेत.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते, अर्धं गाव चिखलात होतं. मधल्या सुट्टीत एक पोरगा ओट्यावर बसून दुसऱ्यांना भुताची गोष्ट सांगत होता. रोशनीने हातातली ताटली त्याच्या कपाळावर हाणली. टेंगूळ आलं. मी तिचा दंड धरला.

"काऊन मारलं त्याला?"

"दिवसा कहानी सांगून राह्यला. रोज कोनी ना कोनी सांगते, म्हनून मामा रस्ता भुलून राह्यला." ती रडत नव्हती, भांडत होती. "माय मामाच्या गावाले गेली. मामा आनून देनार हाये तिले. याच्यानं आजबी नाई आली."

एकही पोरगं वर बघेना. मला तेव्हा कळलं की बापाने तिला असं सांगून ठेवलं आहे, सगळ्या गावाने ते पाळलं आहे, आणि घराघरातून पोरांनाही दम दिलेला आहे. आणि ही पोरगी इतके दिवस एकटी तो रस्ता राखत बसली आहे.

मी तडक शेडमध्ये गेले. इतक्या दिवसांचा राग काढायला जागा मिळाली होती.

"ऐकलंत? पोरांच्या डोक्यात काय भरून ठेवलंत तुम्ही?"

डाव गंजात थांबला. "मी मामाचं सांगतलं. माय मामाकडं गेली, हे मी नाई सांगतलं."

"पण ती तुमच्या मामाला धरून बसली आहे ना."

"हौ," बुढी म्हणाली. बस, इतकंच. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी रोशनीच्या बापाला गाठलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला दुपट्टा. त्याने सगळं मान खाली घालून ऐकलं. "मॅडम, तुमीच सांगा मंग. तुमी शिकवता ना. माह्या तोंडातून नाई निघत."

दुसऱ्या दिवशी मी रोशनीला जवळ बसवलं. घरून वाक्यं तयार करून आणली होती, झाड वाळतं, पान गळतं, अशी. "रोशनी," मी म्हटलं, "तुझी आई..." तिने चटकन मान वर केली. "मामा आला का?" तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी विचारलं, "तीनचा पाढा पाठ झाला का?" तिने तीनचा पाढा म्हणून दाखवला.

बुढी शेडच्या दारातून हे बघत होती, हे मी पाहिलं.

त्या दुपारी पोरांची जेवणं झाली. बुढीने गंज घासला, पालथा घातला, पदराला हात पुसले आणि पुढच्या ओट्यावर येऊन बसली. ती कधी पुढे येत नसे. डोक्यावर ऊन होतं. तिने विचारलं, "हुंकारी कोन देते?"

हात धुणारी पोरं तशीच उभी राहिली. मी हातात खडू घेऊन बाहेर आले. मला पहिल्यांदा वाटलं, हिला ऊन लागलं. मग वाटलं, ही मला दाखवायला काहीतरी करते आहे. रोशनी पळत आली आणि तिने दोन्ही हातांनी बुढीचं तोंड दाबलं. बुढीने ते हात हळूच काढले आणि आपल्या मांडीवर धरून ठेवले.

"सांगू दे."

"मामा भुलन."

"नाई भुलत. रस्त्यावर कोनी असतं तं मी तोंड उघडली असती का? आजवर उघडली का कधी?"

रोशनी तिच्याकडे बघत राहिली. ही बाई दिवसा गोष्ट सांगत नाही, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं.

"डोंग्यात एक बाई बसली," बुढीने सुरुवात केली. "अहेरीकडची. मोहफुलाची टोपली संगं हाये. तिच्या मांगं एक बाप्या बसला. आलापल्लीले सागाच्या कामावर गेलता, घरी वापसच नाई आला. त्याच्या बहिनीच्या पोरायनं त्याले पायलंच नाई. बहीन वाट पाहून पाहून बुढी झाली."

शाळेला पाणी भरणारी एक बाई कुंपणाशी उभी होती. तिने घागर खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. तो बाप्या बुढीचाच भाऊ होता; हे गावातल्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं, मला नव्हतं. कोणता मामा रस्त्यावर आहे, असं मी हसून विचारलं होतं, आणि बुढीने तेव्हा खरं तेच उत्तर दिलं होतं.

"डोंगा मधात आला आन् थांबला. गोल गोल फिरून राह्यला. काऊन का काठावरून दोघी आवाज देऊन राह्यल्या. एक पोट्टी आन् एक बुढी. बुढी म्हनते, पोरी, तू हूं म्हन. पोट्टी म्हनते, बुढे, तू म्हन."

ती थांबली. कुणीच हूं म्हणेना. पोरांच्या ओल्या हातांवरून पाणी ओट्यावर पडत होतं. मग बुढीने ते केलं जे गोष्ट सांगणारं माणूस कधी करत नाही. स्वतःच्या गोष्टीला स्वतःच हुंकारी दिली. "हूं," ती म्हणाली.

"माय मेली का?" रोशनीने विचारलं.

"हौ."

"वाघानं?"

"हौ, बाई."

"मंग मामा?"

"मामा हाये. आपल्या घरी हाये. दिवाळीले येईन तुले पाहाले. पन एकटाच येईन."

बऱ्याच वेळाने रोशनी हूं म्हणाली. इतकं बारीक की शेजारच्या पोरालाही ऐकू गेलं नसेल. बुढीला गेलं. "चालला डोंगा," ती म्हणाली, आणि मग रोशनी तिच्या कुशीत शिरून जी रडायला लागली ती बाप शेतातून येईपर्यंत रडत होती. बापही दारातच बसून रडला.

मी बुढीवर त्या दिवशी चिडले होते हे कबूल करते. एवढ्या लहान पोरीला असं चारचौघांत सांगावं का? मला विचारावं, असं तरी वाटू नये? बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गावातल्या बायांनाही ते रुचलं नाही. पण त्यांची तक्रार वेगळी होती. बुढीने दिवसा कहाणी सांगितली, आता कुणाचा भाऊ रस्ता चुकला तर कोण जबाबदार, असं म्हणत एक जण शाळेत आली. मी तिला अंधश्रद्धेवर चांगलं ऐकवलं.

ती गेल्यावर मी माझ्या भावाला फोन केला. तो त्या दिवशी चंद्रपूरहून आमच्याकडे यायला निघाला होता.

"कुठपर्यंत पोचलास?"

"सिंदेवाहीच्या पुढे."

"रस्ता बरोबर आहे ना?"

"ताई, एकच तर रस्ता आहे. काय झालं?"

"काही नाही, सहज," मी म्हटलं.

तुम्हाला वाटेल, यानंतर बुढी दिवसा गोष्टी सांगायला लागली असेल. छे. पुढच्याच आठवड्यात मी मोठ्या आशेने विचारलं, आणि तिने पदर ओढून घेतला. "दिवसा कहानी नाई सांगत, मॅडम. मामा रस्ता भुलते."

"पण आता तुमचं कुणी रस्त्यावर नाही, तुम्हीच म्हणालात."

"माह्यं नाई. दुसऱ्याचं असन ना."

दिवाळीला रोशनीचा मामा खरंच आला, एकटाच. लाल फ्रॉक आणि मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. बस थांबली तेव्हा रोशनी ओट्यावर उभी होती. ती त्याच्या मागे बसच्या दाराकडे एकदा बघेल असं मला वाटलं होतं. तिने एकदा बघितलं, आणि मग मामाची पिशवी धरली.

बुढी माघात गेली. ताप आला, अंग दुखतं म्हणाली, परगावी दिलेल्या तिच्या लेकीने तिला आपल्या घरी नेलं, तिथून ती जिवंत परत आली नाही. गावी आणून तिला तलावाच्या काठाला नेलं तेव्हा मी गेले होते. सगळे रडत होते, आणि मी तिच्या नवऱ्याच्या डोंग्याकडे बघत होते. नेहमी पालथा असणारा तो कुणीतरी सरळ करून ठेवला होता. कुणी आणि कशाला, हे मी दोघातिघांना विचारलं. कुणी सांगितलं नाही.

शाळेत नवीन बाई खिचडी करायला आली. तिचं मीठ जास्त पडतं, पण मी अजून काही बोलले नाही.

एका दुपारी रोशनी माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, बुढीची कहानी सांगाची हाये. डोंग्याची."

"दिवसा?" मी म्हटलं. "आणि मामा?"

"बाबाच्या मोबाइलवरून फोन लावला. मामा घरीच हाये." मग तिने विचार केला. "तुमचा भाऊ कुठी हाये?"

"चंद्रपूरला. ऑफिसात."

"मंग चालते."

ती बाकावर बसली, पाय वर घेऊन, बुढी बसायची तशी. पोरं जवळ सरकली. "हुंकारी मॅडम देतीन," तिने परस्पर जाहीर केलं. मी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या.

"डोंग्यात बुढी बसली," रोशनी म्हणाली.

"हूं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तितकं काही अवघड नव्हतं.

"पदर डोक्यावर हाये. हातात खिचडीचा डाव हाये."

"हूं."

"त्या काठाले तिचा भाऊ उभा हाये. माही माय बी हाये."

"हे तुला कुणी सांगितलं?" मी लगेच विचारलं. कारण बुढीने हे कधीच सांगितलं नव्हतं. पलीकडचं मला ठाऊक नाही, असंच ती म्हणायची.

"कोनी नाई. कहानी मी सांगून राह्यली ना," रोशनी म्हणाली, आणि पुढे गेली. "डोंगा मधात आला."

मला हूं म्हणायचं होतं. पण मला तो डाव दिसला, तो पदर ओढणारा हात दिसला, आणि मी थांबले. हूं म्हटलं की बुढी जाणार. पोरं माझ्याकडे बघत होती.

"मॅडम," रोशनी हळू आवाजात म्हणाली, "बुढी फिरून राह्यली ना. तिले थंडी वाजत असन."

मी हूं म्हटलं.